होआमैच्या खोडाला पांढरी चादर

२४ जानेवारी, शनिवार

बांना दवाखान्यात ठेवून आठवडा झाला. घरात मोकळेपणी बोलायची सोय राहिलेली नाही, म्हणून लिहायला बसले.

डॉक्टरांनी खिएमला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलाय, आता करण्यासारखं काही नाही. महिना, फार तर दोन. दुभाषी बाईला बोलावून बांनाही सांगू म्हणत होते. खिएम म्हणाला, आमचं आम्ही सांगू. आणि गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "बांना यातलं एक अक्षर कळता कामा नये. पोटाला सूज आहे, एवढंच." मला पटलं नाही. पण वडील त्याचे. मी सून. मान हलवली आणि पट्टा लावला.

बांना मात्र एकच काळजी. "कुंड्यांना पाणी कोण घालतंय?"

"मी."

"तू?" त्यांनी डोळे मिटून घेतले. लग्न होऊन या घरात आले त्याच उन्हाळ्यात मी भांड्यांचं साबणाचं पाणी त्यांच्या गवती चहाला घातलं होतं. तेव्हापासून मला कुंड्यांना हात लावायला बंदी आहे.

आमचं मागचं अंगण सगळं सिमेंटचं. मंडईतून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यांत पुदिना आणि पालेभाज्या, रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या, आणि भिंतीशी मोठमोठ्या कुंड्यांत होआमैची झाडं. थोरलं झाड निळ्या रांजणात. आमचं नवं वर्ष, तेत, सुरू होतं त्या सकाळी होआमै पिवळंधमक फुललं की वर्ष चांगलं जातं. बांचं थोरलं झाड त्या सकाळी फुललं नाही असं कधी घडलेलं नाही. आमच्या सगळ्या कॅनली व्हेल उपनगरातून लोक त्याच्यासोबत फोटो काढायला येतात आणि बा दाराशी नवरदेवाच्या बापासारखे उभे राहतात.

यंदा तेत सतरा फेब्रुवारीला आहे. बांचा हा शेवटचा. झाड फुललंच पाहिजे. माझ्या हातात दुसरं काहीच नाही, निदान हे तरी.

२८ जानेवारी

पुदिना गेला. इथे दक्षिण गोलार्धात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. सकाळी पाणी घातलं होतं, चारला पाहिलं तर चहाच्या चोथ्यासारखा काळा. बांना फोनवर सांगितलं, तर रागावले नाहीत, उलट शिकवायलाच बसले. पाइपातलं पहिलं पाणी चटका देणारं असतं, ते आधी सिमेंटवर सोडून द्यायचं, हाताला गार लागलं की मगच कुंडीत. माती वाळून कुंडीच्या कडेपासून सुटली असेल तर वरून घातलेलं पाणी कडेनंच खाली पळतं आणि मुळं कोरडी राहतात. अशी कुंडी टबात बुडवून ठेवायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. काळ्या कुंड्या तापतात, त्यांच्याभोवती थर्माकोल लावायचं. दुपारी पानं माना टाकतात तेव्हा घाबरून पाणी ओतायचं नाही. संध्याकाळी आपोआप उभी राहिली तर ठीक, नाही राहिली तर मग पाणी.

"आणि मार्चमध्ये थोरल्याची कुंडी आडवी करून मुळं छाटायची. दर वर्षी नको, वर्षाआड. छाटल्यावर पंधरा दिवस सावलीत."

"ते तुम्हीच करा की घरी आल्यावर."

"तू ऐकून ठेव. आणि रांजण फिरवत जा, नाहीतर झाड एका अंगाला वाढतं. आणि कुणी पाहुणा मागायला आला तरी फांदी द्यायची नाही."

बरं वाटलं. पुढच्या वर्षाच्या, त्याच्या पुढच्या वर्षाच्या गोष्टी चालल्यात. म्हणजे त्यांना कसलीच शंका आलेली नाही. खिएमला सांगितलं, तर तोही जरा मोकळा झाल्यासारखा दिसला.

३१ जानेवारी

आज भेटायला गेले तर बांनी कॅलेंडर मागवलं, आपल्या चंद्राच्या तिथ्यांचं. सोमवारी बाराव्या महिन्याची पौर्णिमा. त्या दिवशी होआमैची सगळी पानं हातानं खुडून टाकायची असतात. झाड उघडं केलं की त्याचा सगळा जोर कळ्यांत जातो आणि बरोबर सणाला फुलं उमलतात.

"एकूण एक पान," बा म्हणाले. "पान मागे ओढायचं, वर नाही. वर ओढलं की बगलेतली कळी निघून येते. घाई करायची नाही."

मी हो म्हटलं. पण बातम्यांत तर बुधवारपासून कडक उन्हाची लाट सांगताहेत. तिकडे बांच्या गावात तेतच्या आधी हवा कोरडी आणि बऱ्यापैकी गार असते. इथे हेच दिवस भाजून काढणारे. दर वर्षी बा पौर्णिमेच्या आगेमागे आभाळाकडे बघत, कळ्या चाचपत आणि मग कधी चार दिवस आधी, कधी नंतर पानं काढत. यंदा त्यांच्या हातात नुसतं कॅलेंडर आहे.

घरी येऊन खिएमला म्हटलं, "लाट येतेय हे बांना सांगू का?"

"कशाला? पडल्या पडल्या काळजी करत बसतील. ते म्हणतात तसं कर ना."

"झाडाला सोसलं नाही तर?"

"त्राम, मला आता झाडाचं सांगू नकोस."

त्याचंही खरं आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर पानं खुडली. नववी मावशी मदतीला आली होती. भावंडांच्या मोजणीत तिचा नंबर नववा म्हणून सगळी वस्ती तिला नववी मावशीच म्हणते. ती आणि बा एकाच जिल्ह्यातले, मेकाँगच्या काठचे. बांना ती सातवे दादा म्हणते. तिलाही आम्ही पोटाची सूजच सांगितली आहे. हाताबरोबर तिचं तोंडही चालू होतं.

"सातव्या दादांनी तुला झाडाला हात लावू दिला? बाई बाई! आता मी सुखानं डोळे मिटते."

"मिटू नका, अजून ते खालचं अंग राहिलंय."

"तुझ्या सासूलासुद्धा लावू देत नव्हते. ती बिचारी म्हणायची, मी त्यांची दुसरी बायको, पहिली रांजणात उभी आहे."

संध्याकाळी झाडं नागडी झाली. थोरल्याच्या काटक्यांवर कळ्या होत्या, हिरव्या, मुगाएवढ्या. फोटो काढून बांना पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला. अंगठा कसा पाठवायचा हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे.

५ फेब्रुवारी

त्रेचाळीस. काल एकेचाळीस होतं. सिमेंटवर चपलेतूनही चटके. भिंत संध्याकाळी सातलासुद्धा चुलीसारखी.

दुपारी पाहिलं तर थोरल्या झाडाच्या पश्चिमेकडची साल तांबडी पडून चिरली होती आणि त्या बाजूच्या कळ्या नुसतं बोट लावलं की गळत होत्या. पानं असती तर त्यांची सावली खोडावर पडली असती. ती मीच काढून टाकलेली. रांजण मला आणि मावशीला ढकलूनही हलेना. नर्सरीत फोन केला. तिथली बाई म्हणाली, साल भाजतेय, पांढरं कापड गुंडाळा, पांढऱ्यावर ऊन टिकत नाही, आणि कापड ओलं ठेवा.

बांच्या कपाटात एक जुनी पांढरी चादर होती. फाडून लांब पट्ट्या केल्या आणि सगळ्या झाडांची खोडं, जाड फांद्या नीट गुंडाळल्या. वरून पाण्याचा हात फिरवला. एवढ्या उन्हात उभं राहून माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण झाल्यावर बरं वाटलं. ओळीनं उभी, स्वच्छ, पांढरी. बांना फोटो पाठवला. खाली लिहिलं, काळजी करू नका, सगळ्यांची सोय केली आहे.

उत्तर आलं नाही. झोपले असतील.

६ फेब्रुवारी

सकाळी घंटी वाजली. दारात नववी मावशी. काळे कपडे, हातात फळांची परडी आणि उदबत्त्या. मला बघताच गळ्यात पडून रडायला लागली. "कधी गं? मला एक फोन नाही करायचा?"

मला काही उमजेना. म्हटलं, "काय कधी?"

"सातवे दादा!"

"बा दवाखान्यात आहेत. काल रात्री पेज प्यायले."

ती रडायची थांबली. मागे सरकली, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून अंगणाकडे बोट केलं. "मग झाडांना सुतकाचं पांढरं कुणी बांधलं?"

तिनं पायरीवर बसून सांगितलं. त्यांच्याकडे घरधनी गेला की त्याच्या झाडांना पांढरी पट्टी बांधतात, जसं घरातली माणसं कपाळाला बांधतात. झाडाला जाऊन सांगावं लागतं, तुझा माणूस गेला. नाही सांगितलं तर झाड वाट बघत बसतं आणि झुरून वाळतं. मी सायगावात जन्मले, चार वर्षांची असताना इकडे आले. आमच्याकडे झाड म्हणजे गॅलरीतला एक डबा. मला हे कोण सांगणार?

"मावशी, मी बांना फोटो पाठवलाय."

मावशीनं तोंडावर हात ठेवला. परडी तिथेच ठेवून ती निघून गेली.  एका म्हाताऱ्या माणसाला मी त्याच्या जिवंतपणी त्याचं सुतक दाखवलं. आणि खाली लिहिलं, सगळ्यांची सोय केली आहे.

खिएमला सांगायचं धाडस झालं नाही.

७ फेब्रुवारी

एकटीच गेले. बा उशांना टेकून बसले होते, फोन मांडीवर उपडा.

"चादर माझी का?"

"हो. जुनी. विरलेली."

"चांगली होती ती. अजून दोन वर्षं गेली असती."

मी भडाभडा सांगायला लागले, ऊन, साल, नर्सरीची बाई, मला रीत माहीत नव्हती. त्यांनी हात वर केला. "तुला माहीत नव्हतं ते मला माहीत आहे. तू शहरातली. बस." मग विचारलं, "ऊन किती होतं?"

"त्रेचाळीस."

"येणार हे आधी ठाऊक होतं?"

"हो. बातम्यांत सांगत होते."

"मग मला का नाही सांगितलंस? मी म्हटलं असतं, थांब. फुलं उशिरा आली असती, एवढंच. या खोलीत गार हवा सोडतात, खिडकी उघडत नाही. बाहेर काय आहे ते मला कसं कळणार? तुम्ही सांगाल तेवढंच मला कळणार."

"खिएम म्हणाला, तुम्हाला त्रास नको."

"आणखी काय काय सांगायचं नाही म्हणाला?"

मला खोटं बोलता येतं. दुकानात, नातेवाइकांत मी सर्रास बोलते. पण त्या वेळी आलं नाही. मी सगळं सांगितलं. कॅन्सर म्हणाले, कुठे आहे म्हणाले, किती दिवस म्हणाले. सांगताना मीच रडत होते. बांनी मला टिश्यूचं खोकं पुढे केलं.

"तेत गाठता येईल?"

"येईल म्हणतात."

"पुरे." टिश्यूचं खोकं परत उशाशी ठेवलं. मग म्हणाले, "मला अंदाज आलाच होता पोरी. तीन आठवडे होत आले, खिएम माझ्यावर एकदाही ओरडला नाही. परवा त्याच्यादेखत खिशातून सिगारेट काढली, तर म्हणतो, बा, नर्स गेली की ओढा. माझा मुलगा! तेव्हाच समजलो, माझं काही खरं नाही. पण अंदाज येणं वेगळं. कुणीतरी समोर बसून सांगायला हवं होतं. झाडालासुद्धा सांगतात."

मी त्यांचे पाय धरले. आमच्यात असं करत नाहीत. त्यांनी करू दिलं.

निघताना म्हणाले, "खिएमला सांगू नकोस मला माहीत आहे म्हणून. तो एवढंच करू शकतोय माझ्यासाठी, करू दे. आणि ते पांढरं सोड. सणाच्या तोंडावर घरात पांढरं नको. माझे जुने शर्ट गुंडाळ. सुती असलेले. मळखाऊ रंगाचे नकोत, फिकट घे."

"बरं."

"आणि फुलांचं डोक्यातून काढ. झाड जगलं पाहिजे. फुलं काय, पुढच्या वर्षी येतील."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुळं छाटायची, रांजण फिरवायचा, फांदी द्यायची नाही. ते सगळं कुणासाठी चाललं होतं.

८ फेब्रुवारी

खिएमला म्हटलं, झाडांना गुंडाळायला बांचे जुने शर्ट हवेत. कशाला, कुठले, काही विचारलं नाही. कपाटातून गठ्ठा आणून दिला. त्यात निळ्या चौकडीचा चांगला शर्टही होता, बा लग्नकार्याला घालतात तो. म्हटलं, "हा राहू दे, घालायला लागेल त्यांना." तर म्हणाला, "गुंडाळ." आणि गाडी धुवायला गेला. काल धुतलेली गाडी. पुरुषांना झाडाच्या कामात लक्ष नसतं हेच खरं.

थोरल्याला निळी चौकडी घातली. बाह्या फांद्यांवरून घेऊन मागे गाठ मारली. पाठमोरे बा उभे आहेत असं वाटतं. मावशी बघून गेली, जाताना निळ्या बाहीची सुरकुती तेवढी सारखी केली.

१७ फेब्रुवारी, तेत

दवाखान्यानं बांना सणासाठी घरी सोडलं, गोळ्या आणि नर्सचा फोन नंबर देऊन. नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं त्यावर वर्ष ठरतं, म्हणून खिएमनं त्यांना रात्रीच आणून गाडीत बसवून ठेवलं आणि बारा वाजल्यावर आत आणलं. आजारी माणसाचं पहिलं पाऊल कुणी घेत नाही. आम्ही घेतलं.

सकाळी त्यांना खुर्चीत बसवून अंगणात नेलं. होआमैला एकही फूल नव्हतं. पश्चिमेकडच्या फांद्या वाळून गेल्या होत्या. मला मान वर करवेना. बांनी खुर्ची रांजणाशी घ्यायला लावली, स्वतःच्याच शर्टाची दोन बटणं काढली आणि नखानं साल जराशी खरवडली. आत ओलं हिरवं.

"आहे," म्हणाले. "जिवंत आहे." बटणं पुन्हा लावली.

मावशी आली होती, भाताचे केळीच्या पानातले उंडे घेऊन. "सातवे दादा, यंदा झाडानं तुमचा शर्ट पळवला!"

"मला ढगळ व्हायला लागला होता. त्याला बरा बसतो."

मग बांनी खिशातून सिगारेट काढली. खिएम उंड्याची दोरी सोडत होता. बांनी त्याच्याकडे बघत काडी ओढली, झुरका घेतला आणि धूर सरळ त्याच्या दिशेनं सोडला. खिएमनं मान खाली घातली. बांनी दुसरा झुरका घेतला. "काय रे? तोंडात मिठाची गुळणी धरलीयस? ओरड की."

खिएमच्या हातातली दोरी पडली. आणि तो ओरडला. "किती वेळा सांगायचं तुम्हाला! आई सांगून सांगून गेली! तुम्हाला कधी कुणाचं ऐकायचंय? आम्ही काय इथे..." त्यानं सिगारेट बांच्या बोटांतून काढून घेतली, सिमेंटवर चिरडली आणि घरात जाऊन किती तरी वेळ तोंड धूत राहिला. शेजारचे कुंपणावरून बघत होते.

बा खुर्चीत मागे टेकले. इतके खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. "हां," म्हणाले. "आता तेत झाला."

खिएम बाहेर आला तो दोन वाट्या घेऊन, नारळपाण्यात शिजवलेलं मांस आणि अंडी. बांच्या शेजारी जमिनीवर बसला. एक अंडं मोडून बांच्या वाटीत ठेवलं.  मी तोंड उघडलेलं नाही, तरी खिएमला कळलंय, बांना सगळं माहीत आहे ते. कधीपासून, कोण जाणे. बहुतेक माझ्या आधीपासून.

२४ फेब्रुवारी

बा काल सकाळी गेले. घरीच. मी पाणी घालून आत आले, ओले हात पुसत होते, तेव्हा खिएमनं हाक मारली. त्रास फार झाला नाही.

आज कपाळाला बांधायच्या पट्ट्या फाडताना कापड थोडं उरलं. खिएम म्हणाला, "आण." दोघं अंगणात गेलो. थोरल्या झाडाचा शर्ट काढला. खाली, पूर्वेच्या अंगाला, तांबूस कोवळी पानं फुटली होती आणि त्यांच्यात एक कळी, पिवळी दिसायला लागलेली. खिएमनं पट्टी खोडाभोवती घेतली, पण त्याला गाठ मारता येईना.  मी मारली. मग एकेक करून सगळ्या झाडांना. पुढे झाडाला सांगायचं असतं. खिएमनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, त्याला जमणार नव्हतं. शर्ट छातीशी धरून तो पायरीवर बसला.

मला लाज वाटली, कुंपणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. तरी मोठ्यानं म्हटलं. बा गेले. काल गेले. वाट बघू नका. आता पाणी मी घालणार, साबणाचं नाही घालणार. मार्चमध्ये मुळं छाटायची आहेत, तेव्हा दुखेल.

उद्या अडतीस म्हणताहेत. तेही सांगून टाकलं.